ब्लॉक मांडणाऱ्या कमांड: आकड्यांकडून नावांकडे

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून जग उभे करायच्या गेममध्ये एकेक ब्लॉक हाताने लावण्यातून पहिली सुटका केली ती बाहेरच्या मॉडनी, म्हणजे खेळाडूंनी गेमला जोडलेल्या प्रोग्रामनी. लाकडी कुऱ्हाडीने दोन कोपरे टिपायचे आणि मधली जागा एका ओळीत भरायची, ही रीत तिकडचीच. मूळ गेममध्ये २०१२ साली कमांड ब्लॉक (आत लिहिलेला हुकूम, म्हणजे कमांड, चालवणारा ब्लॉक) आला, २०१३ साली १.७.२ या आवृत्तीत 'सेटब्लॉक' (एक ब्लॉक ठेवणारी कमांड) आणि २०१४ साली १.८ मध्ये 'फिल' (जागा भरणारी) व 'क्लोन' (जागेची नक्कल करणारी). 'फिल' एका वेळी जास्तीत जास्त ३२,७६८ ब्लॉक भरत असे, म्हणजे प्रत्येक बाजूला ३२ ब्लॉक असलेला घन. या कमांडनी लोकांनी 'घड्याळे'सुद्धा केली, म्हणजे कमांड सतत पुन्हा पुन्हा चालवणाऱ्या रचना: एकीने रेडस्टोनचा (गेममधल्या विजेचा) ब्लॉक ठेवायचा, दुसरीने लगेच पुसायचा, सेकंदाला २० वेळा. २०१६ मध्ये रिपीट (कमांड आपोआप पुन्हा पुन्हा चालवणारे) आणि चेन (एकामागोमाग चालवणारे) कमांड ब्लॉक आले, तेव्हा कुठे ही कसरत थांबली.

खरा गुंता होता 'डेटा व्हॅल्यू'चा. ब्लॉकच्या नावापुढे ० ते १५ मधला एक आकडा लिहायचा, पण त्याचा अर्थ ब्लॉकगणिक वेगळा. लोकरीपुढे १४ म्हणजे लाल रंग. ओंडक्याच्या आकड्यात लाकडाची जात आणि ओंडक्याची दिशा, दोन्ही कोंबलेली: ५ म्हणजे स्प्रूस या झाडाचा आडवा ठेवलेला ओंडका. चार जाती, प्रत्येकीच्या चार मांडण्या, झाले सोळा. बाभूळ आणि डार्क ओक आले तेव्हा आकडेच उरले नव्हते, म्हणून 'लॉग २' नावाचा वेगळा ब्लॉक काढावा लागला.

२०१८ मध्ये १.१३ ने हे आकडे काढून टाकले. याला 'फ्लॅटनिंग' म्हणतात. लाल लोकर हा स्वतंत्र ब्लॉक झाला, ओंडक्याची दिशा चौकटी कंसात शब्दांनी लिहायची ठरली. हा निर्णय योग्यच होता. आकडे पाठ असलेल्यांपुरती राहिलेली गोष्ट त्याने नवख्यांच्या हाती दिली. पण जग उघडताना गेमने मांडलेले ब्लॉक आपोआप बदलून घेतले, कमांड ब्लॉकमध्ये लिहिलेला मजकूर मात्र तसाच ठेवला. शेकडो कमांडवर उभ्या असलेल्या मॅपच्या, म्हणजे इतरांना खेळण्यासाठी रचलेल्या जगांच्या, कर्त्यांना एकेक ओळ पुन्हा लिहावी लागली. हा भार त्यांच्यावर टाकायला नको होता.

२०१७ च्या १.१२ मध्ये आलेली फंक्शने (कमांडच्या याद्या असलेल्या फाइली) १.१३ मध्येच डेटापॅकमध्ये, म्हणजे जगाला जोडायच्या फाइलींच्या संचात, गेली. 'फिल'ची ३२,७६८ ची मर्यादा २०२३ पासून गेमरूलने, म्हणजे जगाच्या नियमांतल्या एका सेटिंगने, वाढवता येते. १.१३ च्या आधीचे आणि कधीच दुरुस्त न झालेले कित्येक मॅप मात्र अजूनही १.१२.२ वरच खेळावे लागतात.