लिनक्सवर डीव्हीडीतून ऑडिओ ट्रॅक काढणे

डीव्हीडीवरच्या पिक्चरचा, नाटकाचा किंवा मैफलीचा नुसता आवाज वेगळ्या फाइलीत घेणं म्हणजे ऑडिओ रिप करणं. ऑडिओ सीडीसारखे इथे ट्रॅक सुटे नसतात. व्हिडिओ-टीएस नावाच्या फोल्डरमध्ये जास्तीत जास्त १ जीबीच्या व्हीओबी फाइली असतात आणि त्यात चित्र, आवाज, सबटायटल सगळं तुकड्यातुकड्यांनी मिसळलेलं, म्हणून आधी आवाज बाजूला काढावा लागतो.

एका टायटलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या एका सलग कार्यक्रमात, ८ पर्यंत ऑडिओ ट्रॅक बसतात. बहुतेक वेळा आवाज एसी-३ या कॉम्प्रेस केलेल्या फॉरमॅटमध्ये असतो (फार तर ४४८ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला इतके किलोबिट), काही डिस्कवर डीटीएस हा दुसरा कॉम्प्रेस केलेला फॉरमॅट, मैफलींच्या डिस्कवर कधी कधी कॉम्प्रेस न केलेला एलपीसीएम. कुठल्या टायटलमध्ये काय आहे ते एलएसडीव्हीडी हा छोटा प्रोग्राम टर्मिनलवर दाखवतो, पिक्चर बहुधा सगळ्यात लांब टायटलमध्ये सापडतो. मग एमप्लेयर या प्लेयर प्रोग्रामला टायटल आणि ट्रॅकचा नंबर देऊन 'डम्पऑडिओ' म्हणायचं. हे नंबर १ पासून सुरू होत नाहीत: एसी-३ चा पहिला ट्रॅक १२८, दुसरा १२९, डीटीएस १३६ पासून, एलपीसीएम १६० पासून. हिंदीऐवजी तमिळ संवाद ऐकू आले तर आधी हा नंबर बघा. एलपीसीएमच्या डम्पला मात्र हेडर (आवाज कसा वाजवायचा ते सांगणारा फाइलीच्या सुरुवातीचा भाग) नसतो, तो ट्रॅक सरळ वेव्ह फाइलीत उतरवलेला बरा.

विकतच्या बऱ्याच डिस्कवर सीएसएस नावाचं ४० बिटांचं कुलूप असतं. ते उघडणारा डीसीएसएस प्रोग्राम १९९९ मध्ये बाहेर आला, त्यापायी नॉर्वेच्या जॉन लेक योहानसेनवर खटला झाला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. आज हे काम व्हीएलसी प्लेयर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनची लिबडीव्हीडीसीएसएस ही लायब्ररी करते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत ती सोबत येत नाही, लिबडीव्हीडी-पीकेजी हे पॅकेज टाकावं लागतं, आणि तेवढ्यावर भागतंच असं नाही, बऱ्याचदा डीपीकेजी-रीकॉन्फिगर ही कमांड चालवल्यावरच ती डाउनलोड होऊन आपल्या मशीनवर बिल्ड होते, नवखे लोक नेमके इथेच अडकतात. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कॉपीराइट कायद्याचं कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला गुन्हा मानतं. लग्नाच्या, गॅदरिंगच्या बर्न केलेल्या डिस्कना हे कुलूपच नसतं.

आवाज काढताना लगेच एमपी३ करायची घाई बरी नव्हे. एसी-३ आधीच कॉम्प्रेस केलेला, त्यावर पुन्हा एमपी३ म्हणजे दुहेरी घट. एफएफएमपेग या फाइली बदलणाऱ्या प्रोग्रामला कोडेकच्या (आवाज कॉम्प्रेस करायच्या पद्धतीच्या) जागी 'कॉपी' सांगितलं की मूळ आवाज जसाच्या तसा मिळतो, शिवाय वेळही जवळजवळ लागत नाही. तो मोबाइलवर वाजला नाही तरच बदलायचा. ५.१ चा, म्हणजे सहा चॅनलच्या आवाजाचा, दोन चॅनलचा स्टीरिओ करताना संवाद दबले तर मधल्या चॅनलचा आवाज वाढवायचा, कारण माणसं बहुतेक तिथूनच बोलतात, आणि फाइल सीडीवर बर्न करायची असेल तर डीव्हीडीचा ४८ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने ते) ४४.१ करावा लागतो.