पियानोची रेकॉर्ड घेण्याआधी
(प्रॉग रॉक आणि जॅझ ऐकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

नमस्कार.

आमच्या दुकानात डावीकडे प्रोग्रेसिव्ह रॉकच्या (थोडक्यात प्रॉग: लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक) रेकॉर्ड आहेत, उजवीकडे जॅझच्या. डावीकडे कॉलेजची मुलं रमतात. उजवीकडची मंडळी वयानं मोठी, बरीचशी कोल्हापूरच्या देवल क्लबात शास्त्रीय गाणं ऐकत आलेली. पलीकडच्या रांगेला हात लावायला मात्र दोघेही कचरतात. पियानो दोन्हीकडे आहे, आणि एकीकडून दुसरीकडे जायची सर्वात सोपी वाट तीच, असं आमचं मत आहे. म्हणून हे पत्रक.

पेटी (हार्मोनियम) काय असते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचं हे गाव. पेटीचा सूर भाता चालू आहे तोवर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो. त्या बाबतीत तो संतूरच्या जवळचा. विरणाऱ्या सुराचं काय करायचं, याचं प्रत्येक वादकाचं उत्तर वेगळं असतं. कान तिथे लावा.

नवख्या माणसाला आम्ही आधी जॅझ पियानोवादक कीथ जॅरेटची ‘द कोल्न कॉन्सर्ट’ देतो. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलोनचं ऑपेरागृह, रात्रीचे साडेअकरा. ठरलेला मोठा पियानो मंचावर आलाच नव्हता. जो होता तो लहान, तालमीचा. वरचे सूर पातळ, खर्ज (खालचे सूर) पोकळ, पेडल धड चालत नाही. जॅरेटची पाठ दुखत होती आणि आधी बांधलेलं असं जवळजवळ काहीच नव्हतं, बहुतेक सगळं जागच्या जागी सुचणार होतं. मग तो बहुतेक वेळ मधल्या सप्तकात राहिला आणि खर्जाची उणीव भरून काढायला डाव्या हातानं एकच आकृती पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, आपल्याकडे तबल्यामागे लेहरा धरतात तशी. पहिला भाग २६ मिनिटांचा, रेकॉर्डची अख्खी एक बाजू. ती ऐकताना मध्ये उठू नका. ख्याल ऐकायची सवय असलेल्यांना बैठक सांगावी लागत नाही, पण तीन मिनिटांच्या गाण्यांवर वाढलेल्यांना आम्ही आवर्जून सांगतो.

दुसरी, पियानोवादक डेव्ह ब्रूबेकची ‘टाइम आउट’ (१९५९). ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांचं. सॅक्सोफोन गातो, पियानो एकच ठेका धरून बसतो, ड्रमच्या सोलोखालीसुद्धा. ‘ब्लू रोंदो’ नऊ मात्रांचं, विभागणी दोन-दोन-दोन-तीन. ही लय ब्रूबेकनं १९५८ च्या दौऱ्यात तुर्कस्तानातल्या रस्त्यावरच्या वादकांकडून घेतली. तोच दौरा पुढे भारतातही आला होता. झपताल हातावर मोजणाऱ्याला ही रेकॉर्ड अवघड जात नाही.

पियानोवादक बिल इव्हान्सची ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ शांत वेळेसाठी ठेवा. २५ जून १९६१ ला न्यूयॉर्कच्या क्लबात ध्वनिमुद्रित झालेली, ग्लासांचा किणकिणाटही ऐकू येतो. बेस वाजवणारा स्कॉट लाफारो ६ जुलैला मोटार अपघातात गेला. पंचविशीतला होता.

आता डावी रांग. मोठ्या आवाजाच्या बँडमध्ये, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारपुढे, पियानो मंचावर दबून जायचा, म्हणून प्रॉगवाल्यांनी ऑर्गन आणि सिंथेसायझर जवळ केले. तरी स्टुडिओत पियानोला जागा मिळाली. इमर्सन, लेक अँड पामरच्या १९७० च्या पहिल्या रेकॉर्डमध्ये ‘टेक अ पेबल’ ऐका: कीथ इमर्सन पियानोच्या आतल्या तारांवरच हात फिरवतो, स्वरमंडलासारखा. जेनेसिसच्या ‘सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड’ (१९७३) मध्ये ‘फर्थ ऑफ फिफ्थ’ची सुरुवात टोनी बँक्सच्या एकट्या पियानोची आहे, आणि तीच धून पुढे अख्खा बँड घेऊन परत येते. तो क्षण आम्हाला आजही अंगावर काटा आणतो. गोंगाट नको असेल तर रेनेसान्स या बँडची ‘शेहेराझाद अँड अदर स्टोरीज’ (१९७५) घ्या.

आणि दोन्ही रांगांच्या मधला माणूस म्हणजे कीथ टिपेट. मूळचा जॅझचा, पण किंग क्रिमसन या प्रॉग बँडच्या ‘कॅट फूड’ या गाण्यात (१९७०) त्याचा पियानो गाण्याच्या कडेकडेनं अवखळ पळतो. त्याच बँडच्या ‘लिझर्ड’ आणि ‘आयलंड्स’ या रेकॉर्डमध्येही तोच आहे. जॅझवाल्यांनी इथून डावीकडे वळावं.

एक महत्त्वाचं. टर्नटेबलची खरी परीक्षा पियानोच घेतो. रेकॉर्डचं भोक बरोबर मध्यभागी नसेल तर दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदांनी, सूर किंचित वरखाली होतो. गाण्यात ते गमकेत (सूर हलवण्यात) खपून जातं, व्हायोलिनच्या मींडेत (सुरावरून सुरावर घसरण्यात) लपतं. पियानोचा लांबलेला सूर मात्र डुलताना लगेच पकडता येतो. म्हणून पियानोची रेकॉर्ड आमच्याकडे लावून, निदान एक बाजू ऐकूनच घ्या. घरी सूर डुलला तर आधी टर्नटेबलचा बेल्ट सैल झालाय का ते बघा. बेल्ट ठीक असेल तर रेकॉर्ड आणून द्या, बदलून देतो.

पावसाळ्यात कव्हरं भिंतीला टेकवून ठेवू नका, इथल्या ओलीनं महिन्याभरात बुरशी धरते. रेकॉर्ड उभ्याच ठेवा. सुईवरची धूळ मऊ ब्रशनं मागून पुढे झाडा, बोट लावू नका. पियानोच्या दोन सुरांमधल्या शांततेत प्रत्येक कण टचकन ऐकू येतो.

ऐकायचा कोपरा दुपारी रिकामा असतो. त्या वेळी आलात तर घाई करावी लागणार नाही.