हरलेल्या मतदाराचे गणित

2 जून 2022 रोजी रात्री 9 वाजता कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील मतदान संपले आणि मतमोजणीला फार वेळ न लागता डग फोर्ड यांचा परंपरावादी पक्ष पुन्हा बहुमताने सत्तेवर येणार हे स्पष्ट झाले. 124 पैकी 83 जागा त्या पक्षाला मिळाल्या. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाच्या (एनडीपी) नेत्या अँड्रिया हॉरवॉथ आणि लिबरल पक्षाचे नेते स्टीव्हन डेल डुका या दोघांनीही त्याच रात्री नेतृत्व सोडत असल्याचे जाहीर केले. डेल डुका तर स्वतःच्या मतदारसंघातही पडले. विजयी पक्षाचे अधिकृत नाव ‘प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह’, म्हणजे ‘पुरोगामी परंपरावादी’, असे असल्यामुळे पराभूत पुरोगाम्यांच्या वाट्याला ‘पुरोगामी’ हे विशेषणसुद्धा निर्विवादपणे उरले नव्हते.

अशा निकालानंतर पुरोगामी मतदारांच्या तोंडून तीन गोष्टी हमखास ऐकू येतात. बहुसंख्य लोकांनी विजयी पक्षाला नाकारलेच आहे, ही पहिली. घरी बसून राहिलेल्यांनी घात केला, ही दुसरी. आता पुढची चार वर्षे काढायची कशी, ही तिसरी. ही विधाने निवडणुकीबद्दलची आहेत असे वाटत असले, तरी त्यांतून बोलणाऱ्याच्या मनाबद्दलच अधिक कळते, असे माझे मत आहे.

पहिल्या विधानातील आकडा खोटा नाही. विजयी पक्षाला 40.8 टक्के मते होती, म्हणजे सुमारे 59 टक्के मते त्याच्या विरोधात पडली. ज्याला सर्वाधिक मते तो विजयी, ही तेथील पद्धत आपल्याकडच्यासारखीच आहे, त्यामुळे 41 टक्के मतांत 67 टक्के जागा मिळण्याचे मराठी वाचकाला नवल वाटू नये. 2014 साली भारतात भाजपला सुमारे 31 टक्के मतांवर लोकसभेत 282 जागांचे बहुमत मिळाले होते. ऑन्टारिओच्या 2022 च्या निवडणुकीत लिबरलांना 23.9 आणि एनडीपीला 23.7 टक्के मते मिळाली, पण जागा मात्र लिबरलांना 8 आणि एनडीपीला 31. लिबरलांची मते प्रांतभर विखुरलेली होती आणि एनडीपीची मोजक्या मतदारसंघांत एकवटलेली होती, एवढाच तो फरक. मात्र या दोन्ही पक्षांची मते एकत्र केली असती तर फोर्ड हरले असते, हे अनुमान त्या आकड्यांतून निघत नाही. लिबरल मतदाराची दुसरी पसंती एनडीपीच असेल असे नाही, आणि टिमिन्स किंवा विंडसर-टेकमसे यांसारख्या कामगारवस्तीच्या जागा एनडीपीकडून थेट परंपरावाद्यांकडे गेल्या, हेही विसरता येत नाही.

दुसरे विधान अधिक बोचरे आहे. मतदान जेमतेम 44 टक्के झाले होते, 2018 मध्ये ते सुमारे 57 टक्के होते. त्यामुळे एकूण मतदारांपैकी केवळ 18 टक्क्यांनी फोर्ड यांना निवडले, हे वाक्य निकालानंतर फार फिरले. हाच हिशेब एनडीपीला लावला तर तिच्या वाट्याला जेमतेम 10 टक्के येतात, पण तो हिशेब कोणी करीत नाही. घरी बसलेला प्रत्येक जण मनाने आपलाच होता, असे हरलेल्याने गृहीत धरलेले असते.

या गृहीतकाला मानसशास्त्रात ‘आभासी सहमती’ म्हणता येईल. 1977 मध्ये स्टॅनफर्डच्या ली रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना अंगावर जाहिरातीची मोठी पाटी अडकवून विद्यापीठाच्या आवारात फिरण्याची विनंती केली. जे तयार झाले त्यांच्या अंदाजाने 62 टक्के विद्यार्थी तयार होतील. ज्यांनी नकार दिला त्यांना 67 टक्के नकारच देतील असे वाटले. टोरंटोच्या मध्यवर्ती वस्तीत राहणाऱ्याच्या इमारतीत, कार्यालयात आणि मित्रमंडळींत एकही फोर्ड-मतदार नसेल, तर त्याचा अंदाज असाच चुकतो. तेथून तासाभरावरच्या ब्रॅम्प्टनमध्ये, जिथे भारतीय वंशाची वस्ती मोठी आहे, पाचही जागा त्या वर्षी फोर्ड यांच्या पक्षाने जिंकल्या. रोज मोटारीनेच कामावर जाणाऱ्या तेथील कुटुंबाला, गाडीच्या नंबरप्लेटवरील स्टिकरचे वार्षिक 120 डॉलर शुल्क निवडणुकीपूर्वीच रद्द होऊन आधी भरलेल्या पैशाचा धनादेश घरी आला, याचे महत्त्व मध्यवर्ती वस्तीतल्या मेट्रोच्या प्रवाशाला कळणे अवघड आहे.

तिसऱ्या विधानाची चाचणी अमेरिकेत एका प्रांतिक निवडणुकीतच झाली. 1994 मध्ये टेक्सासच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन जॉर्ज डब्ल्यू. बुश (पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले) आणि डेमोक्रॅट ॲन रिचर्ड्स उभे होते. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना डॅनिएल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी विचारले की, तुमचा उमेदवार हरला तर महिन्याभराने तुम्ही किती आनंदी असाल? रिचर्ड्स यांच्या समर्थकांनी आपण खचलेले असू असे सांगितले. बुश जिंकले, महिना गेला, आणि तेच लोक पूर्वीइतकेच आनंदी आढळले. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनाचा निष्कर्ष असा की, दुःखावर उपाय करणारी मनाची प्रतिकारशक्ती आपल्याजवळ असते, परंतु भविष्याचा अंदाज बांधताना तिची आठवणच राहत नाही.

मन सावरले म्हणजे निकालाचे परिणाम संपले, असा मात्र अर्थ काढू नये. फोर्ड सरकारच्या 2019 च्या कायद्याने परिचारिका आणि शिक्षकांसह सरकारी क्षेत्रातील अनेकांची वेतनवाढ तीन वर्षे दरसाल एक टक्क्यावर रोखली होती. तो कायदा न्यायालयात घटनाबाह्य ठरायला नोव्हेंबर 2022 उजाडला. अशा परिचारिकेची निकालाच्या रात्रीची चिंता आभासी सहमतीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

हरलेल्यांचा राग कालांतराने कुठे वळतो, हे निवडणुकीच्या पद्धतीवरही अवलंबून असते. ख्रिस्तोफर अँडरसन आणि क्रिस्टीन गिलरी यांनी 1997 मध्ये युरोपातील लोकशाही देशांची तुलना केली, तेव्हा जिथे सत्तेत वाटा मिळण्याची सोय असते तिथे पराभूत मतदारांची लोकशाहीबद्दलची नाराजी कमी आढळली. ऑन्टारिओने 2007 च्या सार्वमतात प्रमाणशीर प्रतिनिधित्वाकडे, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देण्याकडे, नेणारी पद्धत सुमारे 63 टक्के मतांनी फेटाळली होती.

शेजारची नसली तरी जवळची वाटावी अशी घटना अल्बर्टा प्रांतात घडली. 5 मे 2015 रोजी तेथे एनडीपीने 87 पैकी 54 जागा जिंकून परंपरावाद्यांची चार दशकांहून अधिक काळची सत्ता संपवली, कारण उजवीकडील मते दोन पक्षांत विभागली गेली होती. त्या रात्री आनंद साजरा करणाऱ्या पुरोगाम्यांच्या पक्षाला मिळालेली मते होती 40.6 टक्के, म्हणजे सात वर्षांनी फोर्ड यांना मिळालेल्या मतांहून किंचित कमीच.