वाटीतलं पाणी

"आमचं घराणंच बुटकं." अंगणवाडीत लांबी मोजायच्या फळीवर मूल आडवं झोपवलं, आकडा तक्त्यावरच्या रेघेखाली गेला, की हे वाक्य हमखास येतं. आजी म्हणते, बाप म्हणतो, कधीकधी मोजणारी सेविकाही मान डोलावते. त्यांचं निरीक्षण चुकीचं नाही. आजी बुटकी असते, आजोबाही असतात. फक्त त्या दोघांच्या लहानपणी वाटीत काय होतं, हे कुणी विचारत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात सहा ठिकाणची सुमारे साडेआठ हजार मुलं मोजली. ब्राझीलमधलं पेलोटास, घानातलं आक्रा, आपली दिल्ली, नॉर्वेतलं ऑस्लो, ओमानमधलं मस्कत आणि अमेरिकेतलं डेव्हिस. निवडताना अट अशी, की मुलाला आईचं दूध मिळालेलं असावं, आईला बिडी-सिगारेटची सवय नसावी आणि घरी खाण्यापिण्याची ददात नसावी. एवढं जुळल्यावर ऑस्लोतलं मूल आणि दिल्लीतलं मूल पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखंच वाढलं. 2006 साली आलेले आजचे वाढीचे तक्ते यातूनच तयार झाले. त्यांच्यानुसार दोन वर्षांच्या मुलग्याची उंची साधारण 87 सेंटिमीटर भरायला हवी. 81 च्या खाली गेला तर तो खुजा धरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे 35 टक्के मुलं खुजी निघाली. एवढ्या घरांत बुटकेपणाचा वारसा असेल, हे पटत नाही.

मग उंची हरवते कधी? जन्मतः बाळ 50 सेंटिमीटरच्या आसपास असतं. पहिल्या वर्षात त्यात 25 ची भर पडते, दुसऱ्यात 12 ची. चौथ्या-पाचव्या वर्षी हा वेग जेमतेम सहा-सातवर येतो. हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पातळ चकत्या असतात, तिथल्या पेशी वाढून हाड लांबतं. अन्नातून आवश्यक अमिनो आम्लं, म्हणजे शरीराला स्वतः बनवता न येणारे प्रथिनांचे घटक, पुरेशी आली नाहीत, तर शरीर हे काम मंदावतं. मेंदू, हृदय, यकृत आधी, उंची मागे. चणचणीच्या घरात नवं बांधकाम थांबवावं, तसंच हे. आफ्रिकेतल्या मलावीच्या खेड्यांतल्या खुज्या मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा नऊच्या नऊ आवश्यक अमिनो आम्लांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा कमी सापडलं.

या काळाचं महत्त्व ठसवणारा प्रयोग झाला तो ग्वाटेमालात. राजधानीच्या ईशान्येला एल प्रोग्रेसो नावाचा कोरडा, गरीब भाग आहे. तिथल्या चार खेड्यांत 1969 ते 1977 या काळात मध्य अमेरिकेच्या पोषण संस्थेनं रोज दोनदा, गावातल्या एका ठिकाणी, येईल त्याला पेय दिलं. दोन गावांत 'आतोले', म्हणजे गरम, दाटसर लापशी. तिच्यात दुधाची भुकटी, साखर आणि 'इन्कॅपारिना' नावाचं पीठ असे. हे पीठ मूळचं मका आणि सरकीचं. विदर्भातल्या वाचकाला त्याचं जरा नवल वाटेल. उरलेल्या दोन गावांत 'फ्रेस्को', म्हणजे थंडगार गोड सरबत. आतोलेच्या पेल्यात 163 कॅलरी आणि साडेअकरा ग्रॅम प्रथिनं. फ्रेस्कोत 59 कॅलरी, प्रथिनं शून्य. दवाखान्याची सोय चारही गावांना सारखीच होती.

तीन वर्षांची होईपर्यंत आतोलेच्या गावातली मुलं दुसऱ्या गावांपेक्षा अडीच-तीन सेंटिमीटरनं उंच झाली होती. तीन वर्षांनंतर मात्र तोच पेला, तेवढाच पोटात जाऊनही, उंचीत काही भर घालेना. संशोधक पुढे या मुलांच्या मागावर राहिले. मुलं मोठी झाली, कामाला लागली. लहानपणी, पहिल्या दोन वर्षांत, आतोले प्यायलेल्या पुरुषांची तासाची कमाई सरबतवाल्यांपेक्षा 46 टक्क्यांनी जास्त निघाली. आतोले प्यायलेल्या मुली आई झाल्या, तेव्हा त्यांच्या बाळांचं जन्माचं वजनही सरबतवालींच्या बाळांपेक्षा सरासरी शंभराहून जास्त ग्रॅमनी अधिक होतं. घराणं बुटकं कसं होतं आणि उंच कसं होऊ लागतं, याचं इतकं सरळ उत्तर दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आता आपल्या वाटीकडे येऊ. सहा महिन्यांनंतर नुसतं आईचं दूध पुरत नाही. नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय रोज साधारण 300 कॅलरी लागतात. पण त्याचं पोट केवढं? दर किलो वजनामागे सुमारे 30 मिलिलिटर. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दीड वाटी मावते, त्याहून जास्त नाही. मूठभर, म्हणजे 40 ग्रॅम तांदूळ घेऊन अर्धा लिटर पेज केली, तर तिच्यात 140 कॅलरी असतात. त्या पेजेवर 300 गाठायच्या तर लिटरभराहून जास्त पाजावी लागेल, म्हणजे पोट तुडुंब भरून चार-पाच वेळा. तोपर्यंत बाळ आईच्या दुधाकडे पाहणारही नाही. मूल उपाशी नाही, पोट टम्म आहे, झोपतंही छान. भरलंय ते बहुतेक पाण्यानं. तेच मऊ खिचडीत तेल घातलं तर दोन वाट्यांत काम भागतं. चहाच्या एका चमच्याएवढ्या तेलात 45 कॅलरी असतात.

"आयांना कळत नाही" असं म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. पेज पातळ करावी लागते, ती पिष्टाच्या (स्टार्चच्या) स्वभावामुळे. पीठ शिजलं की त्याचे कण पाणी ओढून फुगतात, मिश्रण गोळ्यासारखं घट्ट होतं आणि दात न आलेल्या बाळाला ते गिळवत नाही. म्हणून आई पाणी घालते. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. यावरची युक्ती आपल्याच घरांत आहे. नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळली, की त्या पिठात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) जागं झालेलं असतं. घट्ट शिजवलेल्या लापशीची उकळी शांत झाली, की हे पीठ चमचाभर ढवळायचं. डोळ्यांदेखत ती सैल होते, कारण पिष्टाच्या लांब साखळ्या तुटतात. पाण्याचा थेंबही न वाढता पीठ तेवढंच राहतं. उकळत्या लापशीत मात्र घालू नये, विकर मरतं. (नाचणीचं सत्त्व ही वेगळी गोष्ट. त्यात गाळून चोथा टाकतात आणि बरंचसं पोषणही त्याबरोबर जातं.)

नुसत्या कॅलरींवर भागत नाही. तांदूळ, ज्वारी, मक्यात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडतं, ती उणीव डाळ भरून काढते. अंडं तर सगळंच आणतं. इक्वेडोरमधल्या कोतोपाक्सी या डोंगराळ प्रांतात सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना सहा महिने रोज एक अंडं दिलं, तर खुजेपणाचं प्रमाण 47 टक्क्यांनी घटलं. लगेच अंड्याचा जयजयकार झाला. पुढे मलावीत तोच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, आणि उंचीत फरकच पडला नाही. तिथली मुलं तळ्याकाठची होती, त्यांच्या जेवणात मासे आधीपासून होते. जे कमी होतं ते दिलं तरच फरक पडतो. म्हणून कुठल्याही एका 'सुपरफूड'ची जाहिरात दिसली, की मी आधी विचारतो, त्या गावात आधी काय शिजत होतं?

आपल्याकडे आदिवासी भागांसाठी 2015 साली अमृत आहार योजना आली. गरोदर आणि स्तनदा आईला अंगणवाडीत एक वेळचं गरम, पूर्ण जेवण. मुलांना अंडी पुढे सुरू झाली, अंडं न खाणाऱ्यांना केळी. घरी न्यायच्या कोरड्या पाकिटांपेक्षा मला हे कितीतरी बरं वाटतं. पाकीट घरी गेलं, की त्याचे वाटेकरी चार होतात, एखादी कोंबडीही धरून.

पण जेवण अंगणवाडीत असतं आणि मूल तिथे असतंच असं नाही. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामासाठी खाली सपाटीवर उतरतात. नंदुरबारची माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. परततात ती होळीच्या सुमाराला, काही त्याही नंतर. गर्भापासून दोन वर्षांपर्यंतचे हजार दिवस म्हणजे पावणेतीन वर्षं. त्यात असे दोन किंवा तीन हंगाम येतात. उसाच्या फडावर आई पहाटे निघते, बाळ सहा-सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. भांड्यात सकाळची पेज असते. दुपारी ती घट्ट झालेली असते, म्हणून बहीण तिच्यात पाणी घालते.