घोडबंदर रोड ते एस. व्ही. रोड: पश्चिम उपनगरांच्या मुख्य रस्त्याची पार्श्वभूमी

मुंबईत वांद्र्याच्या तलावापासून दहिसरपर्यंत, पश्चिम रेल्वेच्या रुळांच्या पश्चिमेने जाणारा स्वामी विवेकानंद मार्ग, म्हणजेच एस. व्ही. रोड, बातम्यांत येतो तो कोंडी, रुंदीकरण आणि फेरीवाले यांच्यापुरताच. हा रस्ता इतका वळणावळणाचा आणि कायम भरलेला का, याचं उत्तर मात्र त्याच्या जन्मात आहे. उपनगरांसाठी तो कधी आखलाच नव्हता. तो होता घोडबंदरला जाण्याचा रस्ता. उपनगरं मागाहून त्याच्या कडेनं वसली.

आजची उपनगरं आणि ठाणे शहर ज्यावर आहे त्या साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीकाठी घोडबंदर आहे. तिथला पोर्तुगीजांचा किल्ला चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानं साष्टीवरचा त्यांचा ताबा कायम झाला. मुंबई आणि साष्टी एका सत्तेखाली आली, तरी मधली माहीमची खाडी होडीनंच ओलांडावी लागे. लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा बांधरस्ता, खुला झाला. माहीमच्या लेडी जमशेटजी रोडला त्यांचंच नाव आहे. मुंबईतून निघालेली बैलगाडी आता थेट वांद्र्यात उतरून उत्तरेकडे चालू लागली.

रस्त्याची वाट जमिनीनंच ठरवली होती. पूर्वेला डोंगर आणि जंगल, पश्चिमेला खाजण (भरतीचं खारं पाणी शिरणारी दलदल) आणि खाड्या. मधल्या कोरड्या पट्ट्यात गावठाणं. रस्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला गेला आणि म्हणूनच वळत गेला. डोंगरातलं पाणी पश्चिमेला समुद्राकडे वाहतं, तेव्हा ओशिवरा, पोयसर, दहिसर या नद्या आणि इर्ल्याचा नाला असं सगळंच पाणी त्याला आडवं जातं. शेतं होती तोवर हे पाणी पसरायला जागा होती. पुढे पात्रांना भिंती आल्या, खाजणांवर भराव पडला, आणि रस्त्याखालच्या मोऱ्यांवर सगळा भार आला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या भागात पाणी का तुंबलं हे नकाशा पाहिला तरी कळतं. इथल्या पुराचा विचार नालेसफाईपाशी थांबतो, याचं मला फार वाईट वाटतं. प्रश्न नद्यांचा आहे.

रस्त्याचं रूप पहिल्यांदा बदललं ते रेल्वेनं. बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या रेल्वे कंपनीचे रूळ १८६० च्या दशकात त्याच्या शेजारून गेले. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून पहिली उपनगरी गाडी सुटली. तिच्या थांब्यांत बोरिवली, पहाडी (म्हणजे आजचं गोरेगाव), अंधेरी, वांद्रे ही नावं होती. लांबचा माल आणि माणसं रुळांवर गेली, आणि घोडबंदरला जाणारा रस्ता स्टेशनला येणारा रस्ता झाला. १८९६ च्या प्लेगनंतर ऐपत असलेली कुटुंबं शहराबाहेर जागा शोधू लागली. १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि रोज नोकरीला शहरात जाऊन परत येणं सोपं झालं. स्टेशनबाहेर पहिला मोठा रस्ता हाच, तेव्हा बाजार, दवाखाने, टॉकीज यांनी त्याच्याच कडा धरल्या. सांताक्रूझच्या मिलन सबवेला नाव मिळालं ते इथल्या मिलन टॉकीजवरून. गोरेगावला १९४३ मध्ये फिल्मिस्तान स्टुडिओ उभा राहिला. २०२५ मध्ये ती जागा एका बिल्डरला विकली गेली.

हा सगळा रस्ता एका महापालिकेखाली यायला १९५७ उजाडलं. १९५० मध्ये मुंबईची हद्द जोगेश्वरीपर्यंत आली होती, दहिसरपर्यंत ती सात वर्षांनी पोचली. तोवर निरनिराळ्या स्थानिक संस्थांच्या परवानगीनं दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं उभी राहिली होती. रुंदीकरणाची रेषा नकाशावर काढणं सोपं होतं; जागेवर ती कुणाच्या तरी ओटीतून जात होती. आजही रस्ता मध्येच रुंद होतो आणि शंभर पावलांवर पुन्हा आवळतो, तो यामुळे.

स्वातंत्र्यानंतर त्याला स्वामी विवेकानंदांचं नाव मिळालं. घोडबंदर रोड हे नाव व्यवहारात उरलं ते ठाण्याकडून घोडबंदरला येणाऱ्या रस्त्यापुरतं. लांबची वाहनं रुळांच्या पूर्वेच्या द्रुतगती महामार्गावर गेली, पुढे पश्चिमेला लिंक रोड तयार झाला. तरी एस. व्ही. रोड मोकळा झाला नाही, कारण त्याच्यावरची बरीचशी गर्दी लांबची नव्हतीच. ती स्टेशनची, शाळेची, बाजाराची गर्दी आहे. त्यात रूळ ओलांडायच्या जागा मोजक्या. अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग ३ जुलै २०१८ ला कोसळला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तो पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा पूर्वेला जाणारी वाहनं दुसरी वाट शोधत याच रस्त्यावर साचली. पूल पूर्ण खुला व्हायला मे २०२५ उजाडला.

मेट्रोच्या आखणीतही हाच इतिहास दिसतो. दहिसर ते अंधेरी या टप्प्यात मेट्रो २अ लिंक रोडवरून गेली आणि मेट्रो ७ महामार्गावरून. मधल्या जुन्या रस्त्याला वगळलं गेलं. मेट्रो २ब मात्र पार्ल्याच्या नानावटी रुग्णालयापासून वांद्र्याकडे याच रस्त्यावर खांब रोवत गेली. अंधेरीच्या उत्तरेला स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या माणसाला घरी पोचवायचं काम अजूनही रिक्षा, बस आणि पायांवर आहे. तिथे आता आणखी एका उड्डाणपुलाच्या आधी सलग, चालता येईल असा फूटपाथ हवा.