काडतुसाचा परवाना वेगळा, गोळी झाडण्याचा हक्क वेगळा

परवान्यावर 'आत्मसंरक्षणासाठी' असं लिहिलेलं असलं की घरात शिरलेल्या चोरावर गोळी झाडायला मोकळीक मिळाली, असं समजणारे परवानाधारक सतत भेटतात. त्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: मग बंदुकीत कोणतं काडतूस भरून ठेवावं, म्हणजे उद्या कोर्टात त्रास होणार नाही? काडतूस नीट निवडलं की कोर्टातला त्रास टळतो, हा समजच चुकीचा आहे आणि तो चांगल्या माणसाला तुरुंगात पोचवू शकतो. काडतूस जवळ बाळगता येईल का, हे शस्त्र अधिनियम, 1959 सांगतो. ते झाडणं गुन्हा ठरेल का, हे भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 सांगतात. जुन्या दंड संहितेत हीच कलमं 96 ते 106 होती. 1 जुलै 2024 पासून क्रमांक बदलले, गाभा तोच राहिला.

पहिला भाग परवानाधारकांना पाठच असतो. परवाना बाराबोरचा, म्हणजे छर्ऱ्याच्या बंदुकीचा, असेल तर काडतुसंही बाराबोरचीच; रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचं, .32 चं एक जिवंत काडतूस कपाटात सापडलं तरी तो स्वतंत्र गुन्हा. किती काडतुसं बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, ते परवान्यावर लिहिलेलं असतं. विषारी द्रव किंवा वायू भरलेला दारूगोळा निषिद्ध. परवानगीशिवाय नळी कापून आखूड करणं हाही गुन्हा. अधिकृत दुकानातून नोंद करून घेतलेलं काडतूस असेल, तर या कायद्यापुरता विषय संपला.

आणि 'पोकळ टोकाच्या गोळीवर (अंगात शिरल्यावर फुलणाऱ्या) 1899 च्या हेग जाहीरनाम्याने बंदी आहे' हे वाक्य पुढे पाठवणं आता थांबवा. तो जाहीरनामा देशांमधल्या युद्धापुरता आहे, नाशिकच्या बंगल्यात तो लागू होत नाही. न्यू जर्सीतल्या चुलतभावाचा सल्लाही तिथेच राहू द्या. त्या राज्यात अशा गोळ्या घरात ठेवता येतात आणि बाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. तो त्या राज्याचा कायदा आहे.

आता खरा घोळ. बचावाचा हक्क परवान्यातून येत नाही. हातात काठी असो, कोयता असो की बंदूक, तो प्रत्येकाला आहे. कोकणात पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्याने जिवावर उठलेल्या माणसावर ती झाडली, तर परवान्यावर 'पीक' लिहिलंय म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. तसंच 'आत्मसंरक्षण' लिहिलंय म्हणून तुमचा हक्क तसूभरही वाढत नाही.

समोरच्याचा जीव जाईल इतक्या टोकाला हा हक्क कधी जातो, हे दोन कलमांत आहे. कलम 38 शरीराच्या बचावाचं: मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिडहल्ला वगैरे. हे लोकांना कळतं. गाडी अडते ती कलम 41 वर, म्हणजे मालमत्तेच्या बचावावर. तिथे प्रकार मोजकेच आहेत: जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या जागेला आग लावणं किंवा स्फोटकाने नुकसान करणं, आणि अशी चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेचं नुकसान) किंवा गृह-अतिक्रमण ज्यात मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटेल. साधी चोरी यात नाही.

रात्री दोनला सताड उघड्या राहिलेल्या दारातून एक जण आत येतो आणि टेबलावरचा मोबाइल उचलतो. ही चोरी झाली, गृह-अतिक्रमण झालं, पण घरफोडी झाली नाही. त्याने कुलूप तोडलं नाही, गज कापले नाहीत, भिंत चढून खिडकीतून उतरला नाही. तो तुमच्या अंगावर येत नसेल, तर जीव घेण्याचा हक्क इथे नाही. त्याच माणसाने गज कापला असता तर कलम 41 लागू झालं असतं. भरदुपारी कापला असता तर घरफोडी असूनही ते आपोआप लागू झालं नसतं. आणि कलम लागू झालं तरी कलम 37 डोक्यावर असतंच: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा नाही. कलम 43 म्हणतं, रात्रीच्या घरफोडीविरुद्धचा हक्क घरातलं ते अतिक्रमण चालू आहे तोवरच. चोर कुंपणावरून उडी मारून गेला की तो संपला. पाठीत शिरलेली गोळी शवविच्छेदनात लपत नाही.

याचा अर्थ हल्लेखोर आत येईपर्यंत थांबायचं असं नाही. 1950 मध्ये मध्य प्रदेशातल्या कटनीत दंगल झाली तेव्हा जमाव एका माणसाच्या बंद दारावर लाठ्या मारत होता, शेजारचं भावाचं दुकान लुटलं गेलं होतं आणि आत त्याचं कुटुंब होतं. त्याने गोळ्या झाडल्या, एक जण मेला. सर्वोच्च न्यायालयाने 1952 मध्ये त्याला निर्दोष सोडलं. दार फुटायची वाट पाहायला तो बांधील नव्हता आणि अशा क्षणी बळाचं माप सोन्याच्या काट्याने करता येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तिथे भीती जिवाची होती, मालाची नव्हती, आणि निकाल त्यावर फिरला.

बारीक छर्रा भरला म्हणजे 'मारायचा हेतू नव्हता' हे सिद्ध होतं, हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. खोलीतल्या तीन-चार मीटरांवर छर्रे पसरलेलेच नसतात. एकगठ्ठा लागतात आणि जीव घेतात. हक्काची मर्यादा ओलांडली, पण सद्भावनेने आणि पूर्वनियोजनाशिवाय, तर कलम 101 च्या अपवादाखाली खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरू शकतो. पण तोही मोठ्या शिक्षेचा गुन्हा आहे. बचावाची परिस्थिती होती हे दाखवण्याचा भार आरोपीवरच असतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी कलम 44 जरूर वाचावं. निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करायची मुभा तिथे आहे, पण फक्त मृत्यूची वाजवी भीती असलेल्या हल्ल्यात. मोबाइलचोरावर झाडलेला छर्रा शेजारच्या मुलाला लागला, तर हे कलम कामाला येणार नाही.

काडतुसाचा सल्ला विचारणाऱ्यांना मी आधी झोपायच्या खोलीचं दार आणि कडी मजबूत करायला सांगतो. आत जा, कडी लावा, 112 लावा. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर कलम 37 मुळे बचावाचा हक्कच उरत नाही, आणि फोनची वेळ नोंदली जाते. त्यानंतर कोणी ती कडी तोडून अंगावर आला, तर भीती वाजवी होती हे सांगायला तुमच्याकडे तुटलेली कडी असेल. गोळी झाडावी लागलीच, तर रिकामी पुंगळी जिथे पडली तिथेच राहू द्या आणि बंदूक पुसू नका.