आईचा चीक आणि सोळावा आठवडा

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं की पाठोपाठ लसीकरणाचं पुस्तक येतं. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिलं इंजेक्शन, मग दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने तेच पुन्हा, तेच पुन्हा. आपली समजूत अशी, की पहिल्या डोसने थोडं संरक्षण मिळतं, दुसऱ्याने आणखी थोडं, तिसऱ्याने घागर काठोकाठ भरते. मग दोन डोस झाल्यावर तिसरा राहून गेला तरी फारसं कुणी मनावर घेत नाही. खरी गंमत अशी, की पार्व्हो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या विषाणूजन्य रोगांच्या बाबतीत राहून जाणारा हा शेवटचा डोसच सगळ्यांत मोलाचा असतो.

याचं कारण चिकात आहे. कुत्री व्याल्यावर तिचं जे पहिलं दाट दूध पिल्लांना मिळतं, त्यात तिच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं (अँटिबॉडीज), ठासून भरलेली असतात. पिल्लाचं आतडं जन्मानंतर जेमतेम एक दिवस ती अख्खी रक्तात घेऊ शकतं, मग तो रस्ता बंद होतो. त्या एका दिवसाच्या शिदोरीवर पिल्लू पुढचे काही आठवडे निभावतं. पण ही प्रतिपिंडं उसनी असतात, पिल्लाचं शरीर ती स्वतः तयार करत नाही. साधारण आठ-दहा दिवसांत ती निम्मी होतात, तेवढ्याच काळात पुन्हा निम्मी.

या दोन रोगांच्या लशीत असतो तो कमजोर केलेला जिवंत विषाणू. तो पिल्लाच्या शरीरात थोडाफार वाढला, तरच त्याची ओळख पटते. आईच्या प्रतिपिंडांना मात्र लस आणि रोग यांतला फरक कळत नाही. ती लशीतला विषाणूही निकामी करून टाकतात. इंजेक्शन टोचलं जातं, पुस्तकात शिक्का बसतो, आणि आत काहीच घडत नाही.

ही उसनवारी कधी संपते? एखाद्या पिल्लाची सहाव्या आठवड्यात, एखाद्याची चौदाव्या-सोळाव्या. एकाच वेताची भावंडंही यात सारखी नसतात. कुणी किती चीक प्यायलं यावर ते ठरतं. म्हणून डोस पुन्हा पुन्हा द्यायचे, त्यातला एक तरी लागू पडावा म्हणून. शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर द्यावा, असं वर्ल्ड स्मॉल ॲनिमल व्हेटर्नरी असोसिएशन सांगते ते याचसाठी.

यात एक वाईट फट राहतेच. आईची प्रतिपिंडं लस अडवण्याइतकी उरलेली, पण खऱ्या रोगाला अडवण्याइतकी नाहीत, असे काही दिवस येतात. पार्व्हो नेमका तिथे गाठतो. १९७८च्या सुमारास हा विषाणू कुत्र्यांमध्ये प्रथम दिसला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाचा तो जवळचा नातलग. आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा यांतल्या भराभर वाढणाऱ्या पेशींवर तो तुटून पडतो: उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच कमी. वर चिवटही इतका, की जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, साबणाला दाद देत नाही, ब्लीचचं द्रावण लागतं. ‘आमचं पिल्लू घराबाहेर पडतच नाही’ हे म्हणणं त्यामुळे फारसं कामाचं नाही; आपले जोडे तर बाहेर जातात!

डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या घराण्यातला. हे नातं इतकं जवळचं, की आईच्या प्रतिपिंडांना चकवण्यासाठी एके काळी पिल्लांना चक्क गोवराची लस टोचली जायची.

रेबीजची लस मृत विषाणूची असते. ती बहुधा १२ आठवड्यांनंतर देतात, वर्षाने पुन्हा, आणि पुढे लशीच्या प्रकारानुसार व त्या देशाच्या कायद्यानुसार. इथे चालढकल नको; लक्षणं दिसल्यावर या रोगावर उपाय जवळपास नाहीच.

मोठ्या कुत्र्याला दरवर्षी सगळ्या लशी लागतातच असं नाही. पार्व्हो, डिस्टेंपर यांचं संरक्षण पहिल्या वर्षाच्या बूस्टरनंतर तीन वर्षं किंवा जास्त टिकतं. लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा रोग. त्याची लस मात्र दरवर्षी घ्यावी लागते.

मांजरांचं थोडं निराळं. पॅनल्युकोपेनियाची लस भक्कम आहे. सर्दी-शिंका आणणाऱ्या हर्पीस आणि कॅलिसी विषाणूंच्या लशी मात्र आजार सौम्य करतात, संसर्ग पूर्ण थोपवत नाहीत. लस घेतलेलं मांजर शिंकलं म्हणून लस वाया गेली असं होत नाही. टोचल्या जागी गाठ आली तर लक्ष ठेवावं: तीन महिन्यांनीही राहिली, दोन सेंटिमीटरहून मोठी झाली किंवा महिन्यानंतरही वाढतच असली, तर पशुवैद्याला दाखवावी. क्वचितच, पण अशा गाठीचा कर्करोग होऊ शकतो.

पिल्लाला लस लागू पडली का, हे तपासताही येतं. शेवटच्या डोसनंतर चार आठवड्यांनी, म्हणजे विसाव्या आठवड्याच्या सुमारास, रक्तातली प्रतिपिंडं मोजतात. तोवर आईची शिदोरी संपलेली असते. जी सापडतील ती पिल्लाने स्वतः तयार केलेली.